मदत हवी आहे: युद्धकवितेत वीररस कुठे संपतो?

नमस्कार मंडळी, युद्धकवितेवर टिपण लिहितेय आणि एका जागी पार अडकलेय.

रसशास्त्रात वीराचा स्थायीभाव, म्हणजे रसाच्या मुळाशी असलेली भावना, उत्साह. क्रोध गेला रौद्राकडे, किळस बीभत्साकडे, शोक करुणाकडे. वाटणी सोपी वाटते. पण महाभारतातलं स्त्रीपर्व घ्या, युद्धानंतर स्त्रिया शोक करतात ते. युद्धात मारल्या गेलेल्या भूरिश्रव्याची पत्नी त्याचा तुटलेला हात मांडीवर घेऊन रडते आहे. हाच तो शूरांना मारणारा, हाच मित्रांना अभय देणारा, हाच मला जवळ घेणारा! पराक्रम, प्रेम आणि हिंसा, सगळं त्या एका हातात. वाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

'इलियड' या ग्रीक युद्धकाव्यातही ट्रॉयचा योद्धा हेक्टर याच्या शिरस्त्राणाचा तुरा पाहून त्याचं तान्हं बाळ घाबरतं. तो हसतो, शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग बाळाला उचलतो.

अशा जागांना वीररस म्हणायचं की तिथे तो करुणात विरून जातो? जाणकारांनी कृपया सांगावं. आणि रक्तपाताचं कौतुक न करताही लढणाऱ्याचा मान राखणारे पोवाडे किंवा मराठी कविता आठवत असतील तर जरूर सुचवा. नुसता जयजयकार असलेल्या माझ्याकडे बऱ्याच आहेत, त्या नकोत.