ब्रीदरमधून गिअरबॉक्सचं तेल बाहेर येतंय. कॅच कॅन कसा, केवढा, कुठे लावू?

संत्रापट्टा (वरुड तालुका)
मंडळी, सल्ला हवा आहे. २.० टर्बो पेट्रोल सेडान, सहा गिअरचा ओल्या (तेलात फिरणाऱ्या) क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स (डीक्यू २५०), स्टेज १ ट्यून (फक्त सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली). गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदलून ८०० किमी झाले. सलग दोन-तीन लाँच मारले (जागेवर दम देऊन एकदम सुसाट निघालो), किंवा चिखलदऱ्याचा घाट जोरात चढवला, की बॅटरीच्या ट्रेखाली गिअरबॉक्सचा माथा तेलाने ओला होतो आणि गाडी थांबल्यावर जळका वास येतो. ड्रेन प्लग, अ‍ॅक्सलचे सील, कूलरचे जोड कोरडे आहेत. ओल आहे ती फक्त ब्रीदरच्या (गिअरबॉक्समधली हवा आत-बाहेर जायच्या भोकाच्या) टोपणाभोवती. बाहेर कॅच कॅन (ब्रीदरमधून येणारं तेल धरणारा डबा) लावायचं मनात आहे. केवढा घेऊ, नळी कोणती, बसवू कुठे? तालुक्यात मिळेल असंच सामान सांगा.

काळीकसदार
कॅच कॅन नंतर लावू भाऊ, आधी लेव्हल. तेल बदलल्यावर लगेच ब्रीदर ओकायला लागला तर दहातल्या आठ वेळा तेल जास्त भरलेलं असतं. रिकाम्या डीक्यू २५० मध्ये सुमारे ७ लिटर तेल मावतं, पण सर्व्हिसला निघतं साधारण ५ ते साडेपाच. बाकीचं क्लच पॅक (क्लचच्या चकत्यांचा गठ्ठा), कूलर आणि कानाकोपऱ्यात राहतं. भरणाऱ्याने पुस्तकातला ७ चा आकडा धरला आणि वरचं ओघळू न देता प्लग आवळला, की दीड-दोन लिटर जादा गेलंच समजा. मग गिअर त्या तेलात घुसळतात, फेस होतो. फेसाला जागा जास्त लागते, आणि त्याला बाहेर पडायला वाट एकच, ब्रीदर.

आता तापमानाचा हिशोब. हे तेल दर अंशाला हजारी पाऊण भागाच्या आसपास फुगतं. ७ लिटर तेल ४० वरून ११० अंशांवर गेलं तर ३५०-४०० मिली वाढतं. गिअरबॉक्समध्ये तेवढी मोकळी जागा ठेवलेली असते, बरोबर भरलेल्या पेटीतून बाहेर यायला नको. जादा भरलेल्या पेटीत मात्र तीच जागा तेलाने आधीच खाल्लेली असते.

लेव्हल अशी तपासा:
गाडी चारही चाकांवर सपाट हवी. दोनच चाकं जॅकवर घेतली तर मोजमाप खोटं. इंजिन चालू, गिअर पी (पार्क) मध्ये. त्याआधी ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये तीन-चार सेकंद थांबा. तेलाचं तापमान ३५ ते ४५ अंश, आणि ते डायग्नोस्टिक केबलवर पत्ता ०२ (गिअरबॉक्सचा कंट्रोलर) मध्ये वाचायचं. बाहेरून इन्फ्रारेड बंदूक मारून आलेला आकडा धरू नका, ती धातूचा पृष्ठभाग मोजते. खालचा मोठा प्लग काढला की आत प्लास्टिकची उभी ओव्हरफ्लो नळी असते, ती तशीच राहू द्या. तेल धारेने आलं तर धार संपून थेंब थेंब पडेपर्यंत थांबा, मग नवं वॉशर घालून प्लग ४५ न्यूटन मीटरवर आवळा. आतली प्लास्टिक नळी काढावी लागली तर ती फक्त ३ न्यूटन मीटर, हाताच्या अंदाजाने आवळली की फुटते. किती तेल निघालं ते मापाच्या भांड्यात धरा. अंदाज नको, त्या आकड्यावरच पुढचं ठरेल.

रपट्यापलीकडे
काळीकसदार यांच्या पोस्टला विदर्भाची जोड देतो. ३५-४५ ची खिडकी कागदावर सोपी दिसते. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये उभी गाडी इंजिन लावण्याआधीच ४५ ला असते. तेव्हा तपासलं तर फुगलेलं तेल निघून जातं आणि थंड झाल्यावर पेटी कमी भरलेली राहते. मग क्लच घसरतो, मेकॅट्रॉनिकला (गिअर बदलणाऱ्या झडपा आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या संचाला) तेल देणाऱ्या पंपाला हवा लागते, आणि ते जादा भरण्याहून वाईट. हिवाळ्यात उलटं. पहाटे १०-१२ अंशाचं आखडलेलं तेल नळीच्या तोंडापर्यंत भरलं, की ११० अंशांवर ते जादाच ठरणार. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे ५-६ ला, गाडी रात्रभर उघड्यावर ठेवून करा. रात्रीचं किमान २८-३० असतं, त्यामुळे इंजिन लावल्यावर काही मिनिटांतच ३५ गाठतं. भांडं, प्लग, वॉशर आधीच हाताशी हवं.

आणखी एक. निघालेलं तेल काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरा. बदामी-पिवळसर पारदर्शक असेल तर ठीक. दुधाच्या चहासारखं गढूळ असेल तर कूलरमधून कूलंट आत शिरतंय. पेटीवर बसलेल्या कूलरमध्ये पाणी आणि तेल शेजारी-शेजारीच वाहतात. अशा वेळी कूलंटच्या टाकीत पातळी उतरत असते आणि गिअरबॉक्सची चढत असते. तिथे कॅच कॅन लावून काही होत नाही, गाडी उभी करा.

संत्रापट्टा
आज पहाटे तपासली. ३९ अंशाला प्लग काढला, धार बराच वेळ चालली, एकूण १.१ लिटर निघालं. रंग स्वच्छ. मग आता कॅच कॅनची गरजच नाही का?

काळीकसदार
रोजच्या वापराला नाही. लाँच आणि घाट करणार असाल तर लावा, पण आता तो विम्यासारखा. लाँचमध्ये क्लच घसरताना काही सेकंदांत प्रचंड उष्णता तेलात उतरते, आणि वळणावर तेल एका बाजूला चढतं. तेव्हा थोडं धुकं, चार-दोन थेंब ब्रीदरमधून येतातच. ते पेटीच्या माथ्यावर सांडण्यापेक्षा डब्यात पडलेलं बरं, कारण डाउनपाइप (टर्बोनंतरचा तापलेला एक्झॉस्ट पाइप) जवळ असतो. गिअरबॉक्स तेलाचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला तेलाची वाफ पेट घेऊ शकते) साधारण १८० ते २२० अंश. जोरात चालवलेल्या टर्बोचा एक्झॉस्ट त्याच्या कितीतरी वर जातो. तुमचा जळका वास तोच. पुढच्या डाव्या टायरवर तेल उडालं तर वेगळाच घोळ.

भाऊचा_पाना (दारव्हा)
आता सामान सांगतो राजेहो, लिहून घ्या.

डबा: ५०० मिली पुरे. तालुक्यात अ‍ॅल्युमिनियमला टिग वेल्डिंग करणारा सापडेलच असं नाही, अन् आर्कने कोणी करून देतो म्हटलं तर करू नका, टाक्याला भोकं राहतात. भंगारात पॉवर स्टीअरिंगच्या तेलाची नायलॉनची टाकी पाह्यजा. गरम तेल सोसते, आत जाळी असते, झाकणाला हवेचं बारीक भोक असते. एक नोझल रबरी टोपी अन् क्लिपने बंद करायचं, दुसऱ्याला नळी. झाकणाचं भोक उघडंच राह्यलं पाह्यजे. ते बुजलं तं डबा म्हणजे बूच. मग दाब अ‍ॅक्सलच्या सीलमधून वाट काढते.

नळी: तेलाची नायट्रिल रबरची, कापडी वेण असलेली. ब्रीदरच्या नळकांड्याचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा, मगच घ्या. आता काय लावायचं नाही ते: ठिबकची काळी नळी. बागेत पडली असते म्हणून हात तिकडेच जाते, पण ते पॉलिथिन हाय, बोनेटखाली मऊ होऊन मुडपते. लेव्हल पाइप दगडासारखा कडक होते. कूलंटची रबरी नळी तेलाने फुगते. साधी सिलिकॉनची तेल पाझरते. क्लिप स्प्रिंगची चांगली, प्लास्टिकच्या नोझलवर स्क्रूची आवळली तं चिरा पडतात.

रपट्यापलीकडे
जागा आणि नळीचा मार्ग हाच या कामाचा खरा गाभा, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. ब्रीदरपासून डब्यापर्यंत नळी सतत चढती हवी. मध्ये कुठेही झोळ पडला की पहिल्याच गरमीत तिथे तेल साचतं आणि पाण्याच्या ट्रॅपसारखी गाठ बसते. नळी वरून उघडी, डबा उघडा, तरी पेटी मात्र बंद. इंजिन झटका देताना हलतं म्हणून नळीला दोन बोटं ढील ठेवा, पण ती वरच्या कमानीत.

डबा बॅटरीच्या बाजूला, एक्झॉस्टपासून लांब, ब्रीदरपेक्षा १५-२० सेंटीमीटर उंच. २ मिमी पत्र्याचा ब्रॅकेट, एम ६ चे दोन बोल्ट, खाली रबरी बुश. पेटीपर्यंत पोहोचायला बॅटरी, तिचा ट्रे आणि एअर फिल्टरचं खोकं काढावं लागतं. तेव्हा ब्रीदरभोवतीचा धुरळा आधी हवेने उडवून, फडक्याने पुसून मगच टोपण काढा. काळ्या मातीची चिमूट आत पडली की ती मेकॅट्रॉनिकच्या झडपांपर्यंत जाते. जुनं टोपण फेकू नका.

उंचीचं आणखी एक कारण पावसाळ्यात कळतं. तापलेली पेटी रपट्यावरच्या (ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरच्या) पाण्यात शिरली की आतली हवा आखडते आणि ब्रीदर बाहेरची हवा ओढतो. टोपण पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी ओढतो. म्हणून शेवटचं उघडं तोंड बोनेटच्या शक्य तितकं जवळ.

संत्रापट्टा
इंजिनाचा कॅच कॅन आधीच लावलेला आहे. टी जोडून दोन्ही एकाच डब्यात सोडले तर? आणि साचलेलं तेल आपोआप परत पेटीत जाईल असं करता येईल?

काळीकसदार
दोन्हीला नाही. इंजिनाच्या क्रँककेसमधून (खालच्या पोटातून) दाब, पेट्रोलची वाफ आणि पाणी येतं. ते गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून आत घुसलं तर चांगल्या तेलाची वाट. इनटेकच्या (इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या मार्गाच्या) ओढीवरही जोडू नका, तेल ओढलं जाईल. पेटीला फक्त वातावरणाचा दाब लागतो, ना कमी ना जास्त.

परत सोडायचं म्हणाल तर डब्यात धूळ आणि ओल जमलेली असते. ते तेल फेका. पण फेकण्याआधी मोजा. लेव्हल बरोबर असताना जोरदार दिवसाला ५-१० मिली आलं तर हरकत नाही. दरवेळी ५० च्या वर येत असेल तर लेव्हल, कूलर किंवा क्लचची अति गरमी यांपैकी काहीतरी बिनसलंय. एकूण १०० मिली निघालं की पहाटेची लेव्हल पुन्हा तपासा. भरायचं तर जी ०५२ १८२ नंबरचं डीएसजी तेल किंवा त्या नंबरला मान्य असलेलं. लाल एटीएफ नाही.

दोन लाँचच्या मध्ये पाच मिनिटं चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये हलक्या पायाने चालवा, जागेवर आयडल करण्यापेक्षा लवकर थंडावते. आणि हे सगळं बंदिस्त धावपट्टीवर. समृद्धीवर मर्यादा १२० ची आहे.

वऱ्हाडी_टॉर्क
टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांनी (क्लचऐवजी तेलाच्या जोरावर ताकद पुढे देणाऱ्या ऑटोमॅटिकवाल्यांनी) वरचा हिशोब जसाच्या तसा उचलू नये. डिपस्टिक (तेल मोजायची कांडी) असलेल्या पेटीत तेल गरम, इंजिन चालू, पी की एन ते गाडीच्या पुस्तकाप्रमाणे. थंड पेटीची पातळी गरम खुणेपर्यंत भरली की व्हेंट (तिथला ब्रीदर) ओकणार, हा तिथला नेहमीचा घोळ. गाडी आठवडाभर उभी राहिली तर कन्व्हर्टरमधलं तेल खाली पॅनमध्ये उतरतं. मग इंजिन बंद ठेवून पाहिलेली पातळी फसवी जास्त दिसते. ती पाहून तेल काढू नका.

ट्रान्सब्रेक (गिअरबॉक्स आतून अडवून गाडी जागेवर धरणारी यंत्रणा) लावलेल्या ड्रॅग गाडीत ब्रेक सोडताना दाबाखालचं तेल एकदम केसमध्ये मोकळं होतं. तिथे ८ मिमीची नळी कमी पडते, १२ ते १६ मिमी लागते, डबा एक लिटरचा. डिपस्टिक लॉक होणारी घ्या, नाहीतर तेल तिथून कांडी उडवून बाहेर येतं. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीत मेकॅट्रॉनिकचं तेल वेगळं आणि गिअरचं वेगळं असतं. तिथे या धाग्यातलं काही लावू नका.

भाऊचा_पाना (दारव्हा)
एक राह्यलं. आपल्याकडे उघड्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर करते. गाडी पंधरा दिवस उभी असली तं भोक लिंपून टाकते, दिसतही नाही. झाकणाच्या भोकावर बारीक पितळी जाळी, नाहीतं स्कूटरचा छोटा फोम फिल्टर लावजा. जिनिंगच्या रस्त्याने जाणं असन तं दिवाळी ते होळी कापसाचा फाया त्या फोमला गच्च बसते. महिन्याला एकदा काढून झटका.

संत्रापट्टा
वरुडला बोलेरोची टाकी मिळाली, नायट्रिल नळी १ मीटर घेतली. बॅटरीमागे बोनेटखालच्या भिंतीला लावली तर चढ १८ सेंटीमीटर बसतो. नळी बॅटरीच्या पुढून नेऊ की मागून?

रपट्यापलीकडे
पुढून. मागून नेली तर वळसा खाली जातो आणि झोळ पडतो. बॅटरीच्या काठावर घासते तिथे जुन्या नळीचा उभा चिरलेला तुकडा चढवा. जोडून झाल्यावर डब्याकडून नळीत हलकी फुंक मारा. पेटीत हवा सहज जाताना जाणवली पाहिजे. गुडगुड आवाज आला तर कुठेतरी तेल अडकलंय.