२.२० म्हणजे नक्की किती?

सर्वेक्षणाची एक्सेल फाइल ड्राइव्हवर टाकून लिंक दिली की डेटा खुला झाला, असं या चर्चेत एकांनी म्हटलंय. खुला झाला खरा, पण तो वाचता यायला नको का? २०१९च्या पुरानंतर आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात घरोघर माहिती गोळा केली होती. पुढे तीच फाइल नव्या बॅचला सरावाला दिली. जमिनीच्या रकान्यात २.२०. पोरांनी दशांश समजून बिनधास्त सरासरी काढली. पण सांगणाऱ्यानं सांगितलं होतं 'दोन एकर वीस गुंठे', म्हणजे अडीच एकर. एकराचे गुंठे ४०! त्यात काहींनी सातबारा पुढे केलेला, तिथला २.२० हेक्टर-आरमधला, म्हणजे जवळजवळ साडेपाच एकर. कुठली नोंद कशातली हे फॉर्म भरणाऱ्यांनाच ठाऊक, आणि ते पास होऊन पुण्याला गेलेले. 'सांगत नाही'साठी ९९ घातल्यामुळे दोघं-तिघं ९९ एकरांचे बागायतदार झाले ते वेगळंच. (ऊसपट्टा झाला म्हणून काय!)

शिकवण्यासाठी तयार डेटा हवा असेल तर भारत मानव विकास सर्वेक्षण बघा. २०११-१२च्या फेरीतली ४२,१५२ कुटुंबं मिशिगन विद्यापीठाच्या आयसीपीएसआर या संशोधन-डेटाच्या संग्रहात आहेत, प्रश्नावली आणि कोडबुकासकट (म्हणजे कुठल्या रकान्यात काय, कुठल्या एककात आणि कुठला आकडा कशासाठी, हे सांगणारी पुस्तिका). मी पहिले दोन तास फक्त कोडबुक वाचायला लावतो, पोरं कंटाळतात. मग आमची शिरोळची फाइल देतो, दुरुस्त न करता.