मदत हवी आहे: भारतात पाठवलेले पैसे अडकलेत, सीएफपीबीकडे (अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेकडे) तक्रार करण्यात अर्थ उरलाय का?

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत असते. एका ॲपवरून साताऱ्याला आईच्या खात्यात पैसे पाठवले. माझ्या खात्यातून रक्कम लगेच गेली, ॲपवर 'जमा झाले' दिसतंय, पण तिकडे एक रुपयाही आलेला नाही. भाऊ शाखेत जाऊन पासबुक भरून आला. बँक म्हणते, यूटीआर नंबर (बँकेच्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) आणा, मग शोधू. कंपनी तो नंबरच देत नाही, मेलला साच्यातली उत्तरं येतात. (कंपनीचं नाव मुद्दामच टाकत नाहीये.)

परदेशी पैसे पाठवण्याबद्दलचा अमेरिकी नियम माझ्या बाजूचा दिसतो. सांगितलेल्या तारखेला पैसे पोहोचले नाहीत तर त्या तारखेपासून १८० दिवसांत कळवायचं, आणि कंपनीने ९० दिवसांत चौकशी पुरी करायची. कळवलंय, लेखी. पण हा नियम ज्यांनी राबवायचा त्या सीएफपीबीचीच सध्या ओढाताण चालू आहे.

एरवी त्यांच्या साइटवर तक्रार टाकली की कंपनीने साधारण १५ दिवसांत उत्तर द्यायचं, फार तर ६०. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्पनी संचालक रोहित चोप्रांना काढलं. मग हंगामी प्रमुख म्हणून आलेल्या रसेल व्हॉट यांनी काम थांबवायला सांगून मुख्यालयच बंद केलं. एप्रिलमध्ये सुमारे १,७०० पैकी जवळपास १,५०० जणांना नारळ द्यायचा घाट घातला, तो कोर्टाने अडवला. जुलैमध्ये अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) या संस्थेच्या निधीची मर्यादा फेडरल रिझर्व्हच्या (तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे 'फेड'च्या) खर्चाच्या १२ टक्क्यांवरून ६.५ वर आणली. रिपब्लिकनांचा जुना आक्षेप असा की पैसा फेडकडून येतो, म्हणून या संस्थेवर कुणाचा वचक नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी ही निधीची पद्धत वैध ठरवली होती, तरी वाद आहेच.

आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न टाकला, तर एक काका म्हणाले, "बरं झालं, नसती नोकरशाही!" मी विचारलं, काका, मग मी तक्रार कुठे करू? त्यावर त्यांनी सुप्रभातचा फोटो टाकला.

तर, २०२५ नंतर कुणी तिथे तक्रार केली आहे का? कंपनीकडून खऱ्या माणसाचं उत्तर आलं का, की नुसतंच 'क्लोज्ड' झालं? न्यू जर्सीच्या बँकिंग आणि इन्शुरन्स खात्याकडे अशा कंपन्यांचे परवाने असतात म्हणे. तिथे आधी जावं, की दोन्हीकडे एकदमच? ॲपच्या अटींमध्ये लवादाचं कलम आहे, म्हणजे स्मॉल क्लेम्स कोर्टाचा (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टाचा) रस्ता बंद होतो का, हेही जाणकारांनी सांगावं.

ट्रम्प चांगले की वाईट यासाठी दुसरे धागे आहेत, कृपया इथे नको. आणि कंपनीकडून यूटीआर कुणी काढून घेतला असेल तर मेलमध्ये नेमकं काय लिहिलं होतं, ते आधी सांगा.