मदत हवी आहे : एचआयव्हीची टेस्ट झाली, पण गोळ्यांच्या एआरटी सेंटरला जायला तयार नाही

नमस्कार ताई-दादांनो, मी बीड जिल्ह्यात आशा कार्यकर्ती आहे. आमच्याकडच्या एका ऊसतोड कामगाराची एचआयव्ही टेस्ट आयसीटीसीला (सरकारी तपासणी केंद्रात) पॉझिटिव्ह आली, एआरटीची चिठ्ठी पण दिली, त्याला आता तीन आठवडे होत आलेत अन् चिठ्ठी तशीच खिशात हाय. मनतो बीडला गेलो की गावातलं कुणीतरी दिसतंच, मग बोभाटा. वरून एक रोज बुडतो, गाडीभाडं वेगळंच. अन् मला काही दुखत नाही तर गोळ्या कशाला, हे तर रोजचंच.

मी सांगितलं की २०१७ पासून सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारपेशींचा आकडा) कितीबी असू दे गोळ्या लगेच चालू करतात, फुकट असतात, २०१७ च्याच कायद्यानं नाव गुप्त ठेवावं लागतं. ऐकून घेतो बिचारा, पण उठत नाही. बायकोची टेस्ट पण राहिलीय, तिला सांगितलंच नाही त्यानं!

खरी अडचण पुढंच हाय. मुकादमाकडून उचल घेतलीय, दिवाळीच्या आसपास टोळी सांगली साइडला जाणार ती थेट उन्हाळ्यातच वापस. बीडला नाव घालून गोळ्या तिकडच्या सेंटरला घेता येतात का, का एकदमच दोन-तीन महिन्यांच्या देतात? ट्रान्सफरला कोणते कागद लागतात? १०९७ चा एड्स हेल्पलाइनचा नंबर दिलाय त्याला, लावला नसणार. कुणी असं पेशंट सोबत नेऊन जोडून दिलं असंल तर सांगा, बायकोचा विषय कसा काढला ते पण.