निकालात शिवसेना १८, यादीत १९, बातमीत १३ : तक्त्यात नेमका कुठला आकडा लिहू?

राज्यशास्त्राच्या_बाई

नमस्कार. मी कराडजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. सतराव्या लोकसभेवर (२०१९ ते २०२४) मुलांकडून भिंतीवर लावायचा तक्ता करून घेतेय. विषय मुद्दाम सोपा ठेवला होता : महाराष्ट्राच्या ४८ जागा, कुठल्या पक्षाकडे किती. वर्गाचे गट पाडले आणि आकडे ज्याने त्याने शोधून आणायचे असं ठरवलं.

पहिल्या गटाने आणलं : भाजप २३, शिवसेना १८, राष्ट्रवादी ४, काँग्रेस १, एमआयएम १, अपक्ष १. बेरीज बरोबर ४८. दुसऱ्या गटाकडे भाजप २२ आणि काँग्रेस शून्य, बेरीज ४६. आपलंच काहीतरी चुकलं म्हणून ती मुलं दोन दिवस खोडाखोड करत होती. तिसऱ्या गटाकडे शिवसेना १३ आणि ठाकरे गट ५. चौथ्याने थेट शिवसेना १९ आणि राष्ट्रवादी ५ लिहून आणलं.

मग एका मुलीने विचारलं, "बाई, निवडणूक तर एकदाच झाली ना? मग आकडे कसे बदलले?" पोटनिवडणूक, पक्षांतर असं दोन वाक्यांत सांगून मी वेळ निभावली, पण माझंच समाधान झालं नाही. यातला खरा आकडा कुठला? आणि असा हिशोब नीट ठेवायचा असेल तर कसा ठेवतात?

---

खतावणी

बाई, तुमच्या चारही गटांचे आकडे खरे आहेत. त्यांनी फक्त तारीख लिहिलेली नाही.

मी साताऱ्यात एका दैनिकाच्या डेस्कवर तीस वर्षं काढली. निवडणूक संपली की सगळ्यांचं लक्ष उडायचं आणि "पक्षीय बलाबल" ही चौकट माझ्या गळ्यात यायची. त्यासाठी मी किराणा दुकानात असते तशी लाल कापडी बांधणीची खतावणी घेतली होती. एका मतदारसंघाला एक पान. मतदारसंघाचं नाव शाईने, खासदार आणि पक्ष पेन्सिलने, शेजारी तारीख. निवृत्त झालो तरी ही सवय सुटलेली नाही, त्यामुळे सतराव्या लोकसभेची ४८ पानं आत्ता समोर उघडी आहेत.

सुरुवात आपल्याच पानापासून करतो. मे २०१९ मध्ये साताऱ्यातून उदयनराजे भोसले राष्ट्रवादीकडून सव्वा लाखाच्या वर मताधिक्याने निवडून आले. सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन ते भाजपमध्ये गेले. त्या दिवशी राष्ट्रवादीचे महाराष्ट्रातले खासदार ४ वरून ३ झाले. भाजपचे मात्र २३ चे २४ झाले नाहीत, हे मुलांना आवर्जून सांगा. राजीनामा दिला की जागा रिकामी होते, ती माणसाबरोबर नव्या पक्षात जात नाही. २१ ऑक्टोबरला विधानसभेबरोबरच पोटनिवडणूक झाली. त्याआधी तीन दिवस शरद पवारांची पावसातली सभा झाली, मी त्या मैदानात नखशिखांत भिजलो होतो. २४ तारखेला निकाल लागला आणि तुमच्या कराडचे श्रीनिवास पाटील सत्त्याऐंशी हजारांवर मतांनी निवडून आले. पुन्हा ४. म्हणजे मे महिन्याचा तक्ता आणि डिसेंबरचा तक्ता शेजारी ठेवले तर काहीच घडलं नाही असं वाटेल. त्या "काहीच नाही"च्या पोटात काय काय घडून गेलं, ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता १९ चं कोडं. शिवसेनेच्या महाराष्ट्रातल्या जागा १८ च. एकोणिसावी जागा दादरा-नगर हवेलीची. तिथले अपक्ष खासदार मोहन डेलकर यांचं फेब्रुवारी २०२१ मध्ये निधन झालं. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी कलाबेन शिवसेनेच्या चिन्हावर उभ्या राहिल्या आणि २ नोव्हेंबर २०२१ ला जिंकल्या. महाराष्ट्राबाहेर शिवसेनेला लोकसभेची जागा मिळण्याची ही पहिलीच वेळ. चौथ्या गटाने सगळ्या देशाचा आकडा उचलला आहे, म्हणून १९. राष्ट्रवादीचे ५ सुद्धा तसेच, पाचवी जागा लक्षद्वीपची. त्या पानावर सगळ्यात जास्त खोडाखोड झाली आहे. मोहम्मद फैजल शिक्षेमुळे जानेवारी २०२३ मध्ये अपात्र ठरले, उच्च न्यायालयाच्या स्थगितीनंतर मार्चअखेर परत आले, ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेले, नोव्हेंबरमध्ये पुन्हा आले. मत कुणाचंच पडलं नाही, तरी आकडा चार वेळा हलला.

आणि १३ व ५. जुलै २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या बाजूचे शिवसेनेचे १२ खासदार लोकसभाध्यक्षांकडे पत्र घेऊन गेले. विनायक राऊत यांच्या जागी राहुल शेवाळे यांना गटनेता म्हणून मान्यता मिळाली. नोव्हेंबरमध्ये गजानन कीर्तिकर तिकडे गेले, झाले १३. राऊत, अरविंद सावंत, राजन विचारे, ओमराजे निंबाळकर आणि परभणीचे संजय जाधव हे पाच ठाकऱ्यांकडे राहिले. लोकसभेच्या यादीत मात्र पक्षाचं नाव एकच : शिवसेना. ऑगस्ट २०२३ च्या अविश्वास ठरावावर सावंत सरकारच्या विरोधात बोलले आणि श्रीकांत शिंदे बाजूने. दोघेही त्या एकाच नावाखाली निवडून आलेले.

तेव्हापासून मी पानावर तीन रकाने करतो. कुठल्या चिन्हावर निवडून आले, लोकसभेच्या यादीत आज काय आहे, आणि सभागृहात प्रत्यक्ष कुणाबरोबर बसतात. पूर्वी एका रकान्यात भागायचं. तुमच्या तक्त्यालाही तीन रकाने करा, आणि प्रत्येक आकड्यापुढे तारीख. दुसऱ्या गटाच्या मुलांना सांगा, त्यांची बेरीज चुकलेली नाही. ३० मे २०२३ नंतर महाराष्ट्राची बेरीज खरोखरच ४६ होती.

(दोन तृतीयांश फुटले की पक्षांतरबंदी लागत नाही, त्यामुळे १२-१३ जणांची जागा वाचली, हेही तक्त्याखाली लिहिता येईल.)

---

पौड_रोड

दुसऱ्या गटाने जी एक जागा कमी मोजली, त्या जागेचा मी मतदार. आमचे भाजप खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला वारले. पुण्याला पुढचा खासदार मिळाला ४ जून २०२४ ला. चौदा महिने.

लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १५१ अ आहे. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची. सूट दोनच कारणांसाठी : सभागृहाची मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असेल, किंवा निवडणूक घेणं अवघड आहे असं निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केलं असेल. बापट गेले तेव्हा मुदत एक वर्ष अडीच महिने होती. आयोगाने दुसरं कारण दिलं : यंत्रणा इतर निवडणुकांत आणि २०२४ च्या तयारीत गुंतली आहे, आणि निवडून येणाऱ्याला फारच थोडे महिने मिळतील. पुण्यातल्याच एका मतदाराने उच्च न्यायालयात दाद मागितली. १३ डिसेंबर २०२३ ला मुंबई उच्च न्यायालयाने ताबडतोब निवडणूक घ्या असा आदेश दिला. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि विषय तिथेच राहिला.

बाई, तक्त्यावर "भाजप २२" लिहिताना मुलांना एवढं सांगा की कमी झालेली ती एक जागा भाजपपेक्षा आधी पुण्याची होती. २० सप्टेंबर २०२३ ला महिला आरक्षण विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं. विरोधातल्या दोन मतांपैकी एक आपल्याच राज्यातल्या, छत्रपती संभाजीनगरच्या इम्तियाज जलील यांचं. मला त्यांचं म्हणणं पटत नाही, पण त्यांच्या मतदारांचं मत नोंदलं तरी गेलं. पुण्याचं ना बाजूने, ना विरोधात. माझी आई तेव्हा ऐंशीची होती. टीव्हीवर मतदान चालू असताना तिने विचारलं, "आपला कोण उभाय रे यात?" मला उत्तर देता आलं नाही.

---

वरोऱ्याहून

दुसरी रिकामी जागा आमची, चंद्रपूर. आमचे खासदार बाळू धानोरकर ३० मे २०२३ ला वारले. लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे वर्षाला अडीच आठवडे वरच. आमच्याकडेही पोटनिवडणूक झाली नाही.

२०१९ मध्ये काँग्रेसचा महाराष्ट्रात निवडून आलेला हा एकमेव माणूस, तोही केंद्रात मंत्री असलेल्या हंसराज अहिरांना हरवून. त्यामुळे इथे एका माणसाच्या जाण्याने राज्यातल्या एका पक्षाचा आकडा शून्य झाला, आणि पुढचं वर्षभर तो शून्यच राहिला. २०२४ ला प्रतिभाताई धानोरकर, ज्या तेव्हा वरोऱ्याच्या आमदार होत्या, मोठ्या फरकाने निवडून आल्या. मग इथली विधानसभेची जागा रिकामी झाली.

---

तालुका_कोर्ट

खतावणीकाका, तुमच्या नोंदी वाचून फार आनंद झाला. पण शेवटचं कंसातलं वाक्य तक्त्याखाली जाऊ देऊ नका. वकिलीच्या अनुभवावरून सांगतो, हा गैरसमज सगळ्यात चिवट आहे.

१९८५ मध्ये राज्यघटनेत दहावं परिशिष्ट (म्हणजेच पक्षांतरबंदीचा कायदा) आलं तेव्हा "फूट" मान्य होती : एक तृतीयांश आमदार-खासदार बाहेर पडले तर अपात्रता नाही. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती तरतूद काढून टाकली. आज उरलं आहे ते फक्त विलीनीकरण. मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचा आणि त्याला दोन तृतीयांश सदस्यांची संमती हवी. नुसते दोन तृतीयांश जमले म्हणून वेगळा गट करून बसता येत नाही.

शिवाय आकडा पाहा. कलाबेन धरून १९ खासदार, त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे किमान १३. जुलै २०२२ मध्ये होते १२. त्यांची जागा संख्येने राखली असं म्हणताच येत नाही. त्यांची भूमिका वेगळीच होती : आम्ही पक्ष सोडलेला नाही, पक्ष आम्हीच आहोत. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने आमदारांच्या प्रकरणात स्पष्ट केलं की फुटीचा बचाव आता उपलब्ध नाही, आणि प्रतोद (सदस्यांना पक्षाचा आदेश बजावणारा) नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळातल्या गटाचा नाही.

अपक्षाच्या रकान्यालाही एक टीप लागेल. अमरावतीच्या नवनीत राणा २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर अपक्ष निवडून आल्या आणि सभागृहात भाजप सरकारच्या बाजूने राहिल्या. अपक्षाने कुणाला पाठिंबा द्यावा यावर बंधन नाही. निवडणुकीनंतर एखाद्या पक्षात रीतसर प्रवेश केला तर मात्र सदस्यत्व जातं. २०२४ ला सांगलीच्या विशाल पाटलांनी काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं ते याच कारणाने. वर्तमानपत्रांनी "काँग्रेस ९९ अधिक १, शंभर" असं छापलं. यादीत ते अपक्षच. काकांचा तिसरा रकाना इथे उपयोगी पडतो.

---

खतावणी

वकीलसाहेब, दुरुस्ती मान्य. ते वाक्य मी इतकी वर्षं लिहीत आलो. १९ च्या दोन तृतीयांशाचं गणित तर मी कधी करूनच पाहिलं नव्हतं. कलाबेनच्या पानावर आता तुमची टीप लिहून ठेवली आहे. बाई, कंसातलं ते वाक्य घेऊ नका.

---

राज्यशास्त्राच्या_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तास झाला. मुलांनी तीन रकान्यांचा तक्ता केला आणि वर मोठ्या अक्षरात तारीख घातली. तारीख कुठली घ्यायची यावर मतं घेतली, १० ऑगस्ट २०२३ ठरली, अविश्वास ठराव फेटाळला गेला तो दिवस. पुणे आणि चंद्रपूरच्या चौकटी रिकाम्या ठेवल्या आहेत. दुसऱ्या गटाला त्या रंगवायच्या होत्या, मी नको म्हटलं.

पुढचा तक्ता २०२४ नंतरचा करायचा आहे. सुरुवात अशी : काँग्रेस १३, भाजप ९, ठाकरे गट ९, शरद पवार गट ८, शिंदे शिवसेना ७, अजित पवार १, अपक्ष १. यात बदललेलं पहिलं पान कुठलं?

---

खतावणी

नांदेड. काँग्रेसचे वसंतराव चव्हाण जूनमध्ये निवडून आले आणि २६ ऑगस्ट २०२४ ला वारले. १३ चे १२. या वेळी पोटनिवडणूक वेळेत झाली, २० नोव्हेंबरला, विधानसभेबरोबर. २३ तारखेला त्यांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले आणि पुन्हा १३.

पण या पानावर मुलांना थांबवा. नांदेड लोकसभेत भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर, मुखेड असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. त्याच दिवशी, त्याच केंद्रांवर, त्याच मतदारांनी सहाच्या सहा जागा महायुतीला दिल्या आणि लोकसभेला हात निवडला. शेजारी शेजारी दोन यंत्रं होती. मुलांना दोन्हींचे आकडे मतदारसंघवार काढायला लावा. कुठल्या विधानसभेत किती फरक पडला ते मी अजून पूर्ण मांडलेलं नाही. त्यांनी केलं तर मला पाठवा, माझ्या पानावर जागा ठेवली आहे.