‘सोनी पैसे चारते म्हणून गेम येत नाहीत’ हे आता बंद करा

धरमपेठकर
सकाळी इथे एकानं लिहिलं, "सोनी पैसे चारते, म्हणून बाहेरच्या कंपन्या एक्सबॉक्सवर गेम आणत नाहीत." अरे बावा, बाल्डर्स गेट ३ हा गेम आठव. सोनीच्या पीएस५ (प्लेस्टेशन ५) कन्सोलवर सप्टेंबर २०२३, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर डिसेंबर. पैशानं नाही, सिरीज एस या स्वस्तातल्या एक्सबॉक्सनं अडवला. महागड्या सिरीज एक्सला १६ जीबी रॅम (चालू कामाची मेमरी), एसला १०, त्यातली २ संथ. आणि मायक्रोसॉफ्टची अट, दोन्ही मशीनवर सुविधा सारख्याच हव्यात. रेझोल्यूशन उतरवलं की टेक्स्चर (वस्तूंवरची चित्रं) आणि फ्रेम बफर (पडद्यावर जाणारं चित्र) यांची मेमरीतली जागा वाचते. पण पात्रांची स्थिती, ॲनिमेशन, फिजिक्स यांचा हिशेब १०८०पीला जेवढा, तेवढाच ४केला. त्यात स्प्लिट-स्क्रीन, म्हणजे एकाच पडद्याचे दोन भाग करून दोघांनी खेळणं. एक खेळाडू शहरात, दुसरा तळघरात, म्हणजे दोन्ही जागा एकाच वेळी मेमरीत. शेवटी अट सैल झाली, एसवरून स्प्लिट-स्क्रीन काढली, तेव्हा कुठे गेम आला.

सदरवाला
एकाच गेमवरून कायले एवढं बोलून राहिला बे? फायनल फँटसी १६ जून २०२३ मध्ये पीएस५वर आला, एक्सबॉक्सवर जून २०२५. दोन वर्षं कोणती रॅम आडवी आली?

धरमपेठकर
गेम फक्त पीएस५वर ठेवायचा करार सहाच महिन्यांचा होता. पीसीवर यायलाही सप्टेंबर २०२४ उजाडला. बाकीचा वेळ पोर्टचा (गेम दुसऱ्या मशीनवर बसवण्याचा) आणि "इथे विकला जाईल का" या हिशेबाचा. आणि पैसे एकटी सोनीच देते का? राइज ऑफ द टूम रेडर २०१५ मध्ये आधी एक्सबॉक्सवरच आला, पीएस४ला वर्षभर थांबावं लागलं.

सदरवाला
म्हणजे करार असतात. एवढं तरी मानलंस.

महालकर
दोघंही ग्राहकसंख्या विसरून राहिले. पीएस३चा सेल प्रोसेसर म्हणजे डोक्याला ताप. गेमला सहा एसपीई (छोटे सहायक प्रोसेसर), प्रत्येकाला २५६ केबी, डेटा हातानं आतबाहेर करायचा. ५१२ एमबी मेमरीही २५६-२५६ अशी दुभंगलेली, एक्सबॉक्स ३६०ला मात्र सगळी सामायिक. स्कायरिम गेमची सेव्ह फाइल फुगली की पीएस३वर गेम अडखळायचा. तरी कंपन्यांनी पीएस३ सोडला नाही, कारण विकत घेणारे होते.

धरमपेठकर
मग निन्टेन्डोचा वी कन्सोल १० कोटींवर विकला, तिथे मोठे गेम का नाही आले? ८८ एमबी मेमरी आणि ४८०पी. पोर्ट नाही, नवा गेमच बनवावा लागला असता. ग्राहक हवेच, पण त्यांच्यापर्यंत पोचायचा खर्चही परवडला पाहिजे.

महालकर
बरं, हे कबूल.

बर्डीवाला
खरा खर्च माध्यमाचा, म्हणजे गेम ज्यावर भरून विकतात त्याचा आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही! निन्टेन्डो ६४चं कार्ट्रिज जास्तीत जास्त ६४ एमबीचं, सीडी साधारण ६५० एमबी. फायनल फँटसी ७ तीन सीडींचा, म्हणून १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर गेला. शिवाय कार्ट्रिजची ऑर्डर आधी, पैसे आधी. माल पडून राहिला तर नुकसान गेमवाल्याचं. सीडी मात्र खपली तशी पुन्हा छापता यायची. आज निन्टेन्डोच्या स्विच २वर तेच. ६४ जीबीचं कार्ड महाग, म्हणून ‘गेम-की कार्ड’. डब्यात नुसती किल्ली, गेम डाउनलोड करा. ५० जीबीला ४० एमबीपीएसवर पावणेतीन तास. कन्सोलची आतली जागा २५६ जीबी, जुनं मायक्रोएसडी गेमला चालत नाही, त्याचा नवा वेगवान प्रकार, मायक्रोएसडी एक्स्प्रेसच लागतं. म्हणजे कंपनीनं कार्डाचे पैसे वाचवले, स्टोरेजचे आमच्या खिशातून काढले. उद्या सर्व्हर बंद झाला तर हे कार्ड कोण घेईल?

सदरवाला
विकता तर येतं ना. डाउनलोड कोडसारखं खात्याला बांधलेलं नाही.

बर्डीवाला
येतं. पण घेणाऱ्यालाही तेच डाउनलोड, आणि खेळताना कार्ड खाचेत हवंच. डिस्कचे तोटे आणि डाउनलोडचेही. सायबरपंक हा गेम पूर्ण कार्डावर आला, मग बाकीच्यांना काय अडचण?

धरमपेठकर
नेहमी पैशाचीच नाही. स्टार वॉर्स आउटलॉजचं इंजिन चालता चालता स्टोरेजमधून सतत डेटा ओढतं. कार्डाचा वाचनवेग त्याला पुरला नाही, म्हणून की कार्ड. आतलं स्टोरेज आणि एक्स्प्रेस कार्ड त्याहून वेगवान.

बर्डीवाला
त्या एका गेमपुरतं मान्य. स्ट्रीट फायटर ६ तर मुख्यतः मारामारीचा गेम. तोही की कार्डवरच दिला.

धरमपेठकर
त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

बर्डीवाला
मग घेताना डब्याच्या पुढच्या बाजूची खालची पट्टी बघा. किल्लीचं चिन्ह असेल तर आधी कन्सोलमधली रिकामी जागा तपासा, नंतर पैसे मोजा.