शिडाच्या होडीपायी बावीस वर्षं: हिशेब लागतो का?

उधाण

मागच्या रविवारी माळा आवरताना पावत्यांची जुनी फाइल सापडली आणि घरात वाद पेटला. तोच इथे आणतोय.

मी २९ व्या वर्षी डिंगी सेलिंग शिकलो, आता ५१ वं चालू आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डिंगी म्हणजे एका किंवा दोघांची उघडी शिडाची होडी. इंजिन नाही, केबिन नाही, तळाला जड लोखंड नाही. वाऱ्याने कलायला लागली की काठावर बसून अंग पाण्यावर झोकून द्यायचं आणि स्वतःच्या वजनाने तिला सरळ ठेवायचं. नाही जमलं की उलटी. यॉट म्हटलं की लोकांना शॅम्पेन आठवते. आमच्याकडे थर्मासमधला चहा असतो, त्यातही बहुतेक वेळा समुद्र गेलेला असतो.

बायको सीए. तिने फाइल ओढून घेतली आणि तासाभरात बेरीज केली: ९ लाख ४० हजार. तिघांत मिळून घेतलेली प्लायवूडची एंटरप्राइझ (दोघांची डिंगी), नंतर माझी एकट्याची जुनी लेझर (एकाची डिंगी), तीन शिडं, एक वाकलेला मास्ट म्हणजे डोलकाठी, सभासदत्व, होडी उचलणाऱ्या पोरांची बक्षिशी, हैदराबादच्या शर्यतींचं जाणं-येणं. कमरेची फिजिओथेरपी मी सेलिंगमध्ये धरली नव्हती, तिने धरली. आणि मग बेरजेखाली एक ओळ लिहिली: ‘रविवार: अंदाजे ६००.’ त्यापुढे रुपये लिहिलेच नाहीत.

ऑक्टोबर ते मे असा मुंबईतला मोसम. वर्षाला सत्तावीस-अठ्ठावीस रविवार होतात. आकडा बरोबर आहे, मी तपासला. गंमत म्हणजे या लेझरचं नाव आधी ‘वीकएंडर’ ठेवणार होते. पहिल्या नमुन्याच्या शिडावर टीजीआयएफ अशी अक्षरं होती, म्हणजे ‘शुक्रवार आला एकदाचा’. ब्रूस कर्बीने काढलेल्या आराखड्याची ही होडी १९७१ मध्ये बाजारात आली, तेव्हापासून दोन लाखांहून जास्त बनल्या. ४.२३ मीटर लांब, रिकामी ५९ किलोची, शीड सात चौरस मीटरचं. दोघं जण उचलून नेतात. एवढ्याशा वस्तूत माझे सहाशे रविवार गेले.

मिळालं काय? मार्चमधली दुपार घ्या. बारापर्यंत बंदरातलं पाणी तेलासारखं पडून असतं. मग वायव्येकडून पाण्यावर काळसर सुरकुत्या येतात. डोळ्यांना झोत दिसायच्या आधी हातातला दोर जड होतो. ऑयस्टर रॉकच्या आसपास ओहोटीची धार कुठे जोरात आहे आणि कुठे मंद, हे मला आता पाण्याचा रंग बघून कळतं. जोराच्या वाऱ्यात विशीतली पोरं मला सहज मागे टाकतात, त्यांच्या मांड्या तशा आहेत. पण वारा पडला की मी पुढे. पन्नाशीनंतर जिथे मी अजून सुधारतोय अशी दुसरी जागा मला माहीत नाही. ऑफिसात तर नाहीच.

आणि एक. शर्यतीत खुणेच्या तरंगत्या बोयाला होडी घासली तर आपणच एक पूर्ण गोल फिरून दंड भरायचा. दुसऱ्याच्या हक्काच्या वाटेत आलो तर दोन गोल. पंच नसतो, बहुधा कोणी पाहिलेलंही नसतं. मी फिरलोय. एकदा नाही फिरलो, त्याला अकरा वर्षं झाली, अजून आठवतं.

तर सांगा, हिशेब लागतो का? बायको वाचणार आहे, त्या बेताने लिहा.

पेठेतला

लागत नाही. ९ लाख ४० हजार भागिले २६४ महिने, म्हणजे महिन्याला साडेतीन हजारांच्या वर. तेवढ्याची एसआयपी केली असतीत आणि १२ टक्के धरले तर आज ४५ लाख हातात असते. खारट चहा ४५ लाखांना पडला म्हणायचा. आमच्याकडे सारसबागेजवळ दहा रुपयांत मिळतो.

उधाण

१२ टक्के ‘धरले तर’. वारा धरायला शिकायला मला चार वर्षं लागली, तुम्ही परतावा एका ओळीत धरलात.

करंज्याचा नाखवा

धागा वाचून हसू आलं, राग नाही. आमच्या घरी १९६४ पर्यंत शिडाचीच होडी होती. आजोबा सांगायचे, दिशा बदलायची तर ते भलंमोठं परबाण, म्हणजे शीड बांधलेला आडवा वासा, डोलकाठीच्या या अंगाचं त्या अंगाला न्यावं लागायचं. चार माणसं लागत, एखाद्याचा हात मोडे. वारा पडला की मासळी होडीतच नासायची. भाऊच्या धक्क्याला पोचेपर्यंत भाव उतरलेला. मग सोसायटीकडून कर्ज काढून इंजिन बसवलं आणि ज्या दिवशी शीड उतरवलं त्या दिवशी आजीने घरात गोड केलं होतं. आता तुम्ही नऊ लाख घालून त्याच वाऱ्याची वाट बघत बसता. बसा, पाणी कोणाच्या बापाचं नाही. पण ‘वारा शिकवतो’ वगैरे आम्हाला सांगू नका. आमच्याकडून त्याने फी फार घेतली.

दुसरं. जोराचा वारा सुटला आणि तुमची रेस्क्यू बोट एकाकडे गेली की बाकीचे उलटे पडलेले कोण ओढून आणतं? मी स्वतः दोनदा आणलेत. डिझेल माझं. त्या फाइलमध्ये त्याची पावती आहे का बघा.

उधाण

नाही. आणि हे मला सुचलंही नव्हतं. तुमचं पहिलंही खरं आहे, ते खोडायला माझ्याकडे काही नाही. एवढंच, की पोटासाठी शीड ओढणं आणि हौसेने ओढणं यात तेवढंच अंतर आहे जेवढं शेतावर चालण्यात आणि ट्रेकला जाण्यात. म्हणून ट्रेक खोटा ठरत नाही.

करंज्याचा नाखवा

खोटा नाही म्हटलं. महाग म्हटलं.

ड्रेकोटवासी

इंग्लंडात रग्बी गावाजवळ ड्रेकोट वॉटर नावाचा जलाशय आहे, मी तिथे जातो. मूळचा साताऱ्याचा, सेलिंग चाळिशीनंतर शिकलो, दोन दिवसांच्या प्राथमिक वर्गात. मला वाटतं तुम्ही सगळे या खेळाला महाग म्हणताय, पण महाग आहे ती त्याची भारतातली व्यवस्था. माझी लेझर तीस वर्षांची, सातशे पौंडांना घेतली. लेझरचं एक आहे, सगळ्या सारख्याच मापाच्या, त्यामुळे जुनी म्हणून फार मागे पडत नाही. आणि वेगवेगळ्या जातीच्या होड्या एकत्र धावल्या तर प्रत्येक जातीच्या ठरलेल्या आकड्याने वेळ भागून निकाल लावतात. लाकडी जुनाट होडीवाले आजोबा नव्याकोऱ्या होडीला हरवून बारमध्ये येतात, ते बघण्यासारखं असतं.

क्लबला पगारी माणसं जवळपास नाहीत. वर्षातून तीन-चार रविवार तुम्हालाच रेस्क्यू बोट चालवायची, नाहीतर वेळ नोंदवायची. मी एकदा जानेवारीत सहा तास हातमोजे घालून शिट्टी वाजवत उभा होतो.

‘श्रीमंतांचा खेळ’ हा आरोप इथे १९६३ मध्येच एका होडीने मोडून काढला. डेली मिरर या कामगारवर्गात खपणाऱ्या वर्तमानपत्राने एक होडी काढली. घरी प्लायवूडच्या फळ्या तारेने शिवायच्या, सांधे रेझिनने भरायचे. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग, शीड वर्तमानपत्राच्या रंगाचं म्हणून लाल. लोकांनी स्वयंपाकघरात आणि गॅरेजमध्ये हजारोंनी बांधल्या. आपल्याकडे असं कोणी केलं नाही, एवढाच फरक.

पेठेतला

आमच्या स्वयंपाकघरात कुकर ठेवायला जागा नाही, होडी कुठे बांधू?

हुसेनसागर

ड्रेकोटवासींना थोडी दुरुस्ती. आपल्याकडे काहीच नाही असं नाही. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत आयएलसीए-४ (लेझरच, लहान शिडाची) प्रकारात रौप्य जिंकलेली नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवासची, शेतकऱ्याची मुलगी, शिकली भोपाळच्या तलावात. समुद्र तिथून कुठल्याकुठे. त्याच खेळांत विष्णू सरवननने कांस्य आणलं, तो सैन्यातला. म्हणजे मुलांसाठी सरकारी वाट आहे, फौजेत गेलात तर वाट आहे. अडकतो तो पस्तिशीतला साधा नोकरदार. त्याने कुठे जायचं? क्लबच्या फाटकावर त्याला विचारतात, ‘तुमची ओळख कोणाची?’ मला एका शहरात हा प्रश्न तीन वेळा विचारला गेला. शेवटी माझी ओळख निघाली ती तिथल्या स्वयंपाक्याशी, तो आमच्या लातूरचा. त्याच्यामुळे आत गेलो.

माझं मत उधाणरावांच्या बाजूने, पण त्यांच्या हिशेबात ‘ओळख’ हे खातं नाहीच. ते त्यांना फुकट मिळालं असावं.

उधाण

मिळालं. मामा नौदलात होते.

सुट्टीविना

सगळे पुरुष पैशांवर आणि फाटकावर बोलताय. बाईंनी लिहिलेली ओळ कोणी वाचली का? सहाशे रविवार. माझे यजमान सायकलवाले आहेत, दुखणं तेच. पहाटे साडेपाचला जातात, अकराला तोंडभर हसत येतात, मग ‘फार छान वाटलं गं’ आणि दुपारी तीनपर्यंत झोप. तोवर मी मुलाचा प्रोजेक्ट, सासूबाईंची औषधं, गॅसवाला. त्यांना जे ‘मिळालं’ ते माझ्या वेळातून मिळालं. उधाण, तुमच्या मार्चच्या दुपारी घरी कोण होतं ते लिहा ना. वर्णन तुम्हाला छान जमतं.

उधाण

ती होती. मुलगी सहा वर्षांची असताना तिला गोवर निघाला, तेव्हा मी हैदराबादला होतो आणि एका दिवसात परत येऊ शकलो असतो. आलो नाही, शेवटची शर्यत बाकी होती. सातवा आलो. यावर वर्णन जमत नाही.

ड्रेकोटवासी

म्हणून दोघांची होडी घ्यावी. १९८२ च्या आशियाई खेळांत एंटरप्राइझचं सुवर्ण कराचीच्या बायराम आणि गोश्पी आवारी या नवरा-बायकोने जिंकलं, तेही आपल्या मुंबईच्या पाण्यात. त्याच खेळांत फायरबॉल प्रकारात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्ण दिलं. बायकोला क्रू म्हणून, म्हणजे होडीतली दुसरी जोडीदार म्हणून घ्या, रविवारचा प्रश्न मिटला.

सुट्टीविना

म्हणजे डबाही मी करायचा आणि दोरही मीच ओढायचा? शिवाय सुकाणू कोणाच्या हातात ते आधी सांगा.

ड्रेकोटवासी

आमच्या घरी तिच्या. मी पुढे बसतो आणि ओरडा खातो. थट्टा नाही, खरंच. तिला वारा माझ्यापेक्षा चांगला कळतो हे मान्य करायला मला दोन हिवाळे लागले.

गुडघेदुखी

मी चौदा वर्षं केलं आणि ४४ व्या वर्षी सोडलं. इथे कोणी लिहिणार नाही म्हणून लिहितो: सोडलं आणि काहीही झालं नाही. वाटलं होतं आयुष्य फिकं पडेल. नाही पडलं. होडीबाहेर लटकून गुडघ्यांची वाट लागली होती, डॉक्टरांनी सांगितलं की अजून दोन वर्षांनी जिना चढणं कठीण जाईल. होडी विकली, पेटी शिकायला लागलो. महिन्याला बाराशे रुपये, क्लास चालत पाच मिनिटांवर, बायको भाजी निवडता निवडता ऐकते आणि चुकलेला सूर सांगते. एकाग्रता, हळूहळू सुधारणं, ‘पन्नाशीनंतरही शिकतोय’ हे सगळं तिथेही आहे. सेलिंगवाल्यांना वाटतं ते फक्त पाण्यावरच मिळतं.

एकच कबुली. गच्चीत कपडे वाळत घालताना चादरीत वारा भरला की हात आपोआप ती ताणतो. किती ताणली की फडफड थांबेल ते हाताला माहीत असतं.

हुसेनसागर

गुडघेदुखी, पण सगळे काही तुमच्यासारखे थांबत नाहीत. लेझरच्या जागतिक ज्येष्ठ स्पर्धांत ७५ वर्षांपुढच्यांचा वेगळा गट असतो, नाव ‘लेजंड’. लहान शीड लावतात आणि निघतात.

गुडघेदुखी

त्यांचे गुडघे त्यांना लखलाभ.

नवशिका४३

सगळा धागा वाचला. वय ४३, हडपसरला राहतो, पोहता येत नाही, ओळख कोणाशी नाही. तरी एकदा करून बघावंसं वाटतंय. सुरुवात कुठून करू?

सुट्टीविना

घरी विचारण्यापासून.

उधाण

त्यानंतर पोहायला शिका, तीन महिने. लाइफ जॅकेट सक्तीचं असतं आणि ते तरंगत ठेवतं, पण होडी उलटते तेव्हा कधी कधी डोक्यावर शीड येतं. शांत राहिलात तर हाताने ढकलत कडेला येता येतं. पोहता न येणारा माणूस तिथे शांत राहत नाही. मग होडी विकत न घेता एक मोसम दुसऱ्याच्या होडीत पुढे बसा. क्रू नेहमी कमी असतात, वजन साठ-सत्तर किलो असेल तर लोक घरी फोन करतील. वर्षभरानंतरही आवडलं तरच पैसे घाला, तेही तिघांत. माझ्या एंटरप्राइझचा एक वाटा रिकामा आहे, पण मी मुद्दाम आत्ता विकत नाही तुम्हाला.

नाखवा, त्या दोन वेळच्या डिझेलचं काय ते व्यक्तिगत निरोपाने कळवा. थट्टा नाही.

करंज्याचा नाखवा

डिझेल राहू द्या. या रविवारी करंज्याला या, भरती अकराच्या पुढे आहे. आजोबांची डोलकाठी अजून वाड्यात आडवी पडलीय, बघून जा.

उधाण

पुढच्या रविवारी नक्की येतो. या रविवारी पाण्यात नाही, माळा अर्धाच आवरून झालाय.